खोली, भाडे आणि पाहुणचार

शास्त्रवाचन : लूक 10:25-37, याकोब 2:1-4, 2 थेस्सलनीकाकर 3:7-9



मंडळीतील लोक मला अनेकदा एक प्रश्न विचारतात. मुले नोकरीसाठी पुण्याला गेली, वरची खोली रिकामी असते. गड्ड्याच्या यात्रेत किंवा लग्नसराईत ती दोन-चार दिवस भाड्याने द्यावी का? पाहुण्याकडून पैसे घेणे ख्रिस्ती घराला शोभते का?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा व्यवहार जुनाच आहे. पंढरपुरात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या भरतात. त्या दिवसांत अनेक कुटुंबे एका खोलीत दाटीने राहतात आणि बाकीचे घर वारकऱ्यांना उतरायला देतात. कित्येक दिंड्या वर्षानुवर्षे त्याच घरी उतरतात. भाडे घेतले म्हणून त्यांच्यातला जिव्हाळा आटत नाही.

आता शास्त्र पाहू. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण शोमरोन्याकडे पाहतो. उतारशाळेच्या रक्षकाकडे फारसे लक्ष देत नाही. त्याने दोन दीनार घेतले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. प्रभू येशूने त्याला पैसे घेतल्याबद्दल दोष दिलेला नाही. जखमी माणसाला बरे होईपर्यंत जागा मिळाली, ती त्याच उतारशाळेत. म्हणून भाडे घेणे पाप नव्हे. भाडे कसे घेतो आणि कोणाला दार बंद करतो, हे तपासले पाहिजे.

यासाठी मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, दर आधी सांगा. गर्दी पाहून ऐनवेळी दुप्पट मागणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची किंमत वसूल करणे होय.

दुसरी, कायदा पाळा. ओळखपत्र पाहून नोंद ठेवा, सोसायटीत राहत असाल तर तिचे नियम विचारा, मिळालेले उत्पन्न लपवू नका. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत कळवावी लागते.

तिसरी, माणूस पाहून दार बंद करू नका. परीक्षेला आलेला आदिवासी मुलगा किंवा रुग्णालयात आलेल्या रुग्णाची आई दारात उभी राहिली, तर आपण आधी काय विचारतो? नाव, की जात? सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना याकोबाने कडक शब्दांत सुनावले आहे.

आता हाच विषय उलट बाजूने पाहू. आपले गट पाड्यांवर सेवेसाठी जातात, तेव्हा पाहुणे आपण असतो. यजमान घरातली चांगली चटई आपल्याला देतात, कोंबडी कापतात, स्वतः पडवीत झोपतात. त्या दिवशी घरची बाई मजुरीलाही जात नाही. आपण प्रार्थना करून, आभार मानून निघतो. हे पुरेसे आहे का? पौलाला मंडळ्यांकडून पोटापुरते घेण्याचा अधिकार होता, तरी थेस्सलनीका येथे कोणावर भार पडू नये म्हणून तो रात्रंदिवस कष्ट करून जेवला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पुरुषवाडी हे महादेव कोळी समाजाचे गाव आहे. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला तेथे शहरातून लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, चुलीवरची भाकरी खातात आणि त्याचे ठरलेले पैसे देतात. तेथे आदिवासी कुटुंब कोणाच्या दयेवर अवलंबून असलेले नसते. ते घराचे मालक असते आणि आपल्या श्रमाचा मोबदला घेते.

म्हणून पुढच्या भेटीच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्चाबरोबर मुक्कामाचा खर्चही धरा. रक्कम आधी ठरवा, घासाघीस करू नका आणि ती घरच्या बाईच्या हाती द्या. ती नको म्हणाली, तरी तो तिचा हक्क आहे असे नम्रपणे सांगा. दान म्हणून देऊ नका.

चर्चेसाठी प्रश्न
1. उतारशाळेच्या रक्षकाकडून आपण काय शिकतो?
2. आपली खोली आपण कोणाला नाकारली असती? का?
3. मागील पाडाभेटीचा भार कोणी उचलला?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे दार मोकळे ठेव, आमचा व्यवहार सरळ ठेव, आणि गरिबाच्या घरी गेल्यावर त्याचा मान राखण्यास आम्हांला शिकव. आमेन.