काटापावती आणि पोच

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम लागला की माझा फोन वाजायला लागतो. जिनिंगचा वजनकाटा, ऑफिसातला हिशेब आणि बँकेचं पेमेंट, ही तीन यंत्रं एकमेकांशी बोलती ठेवायची हा माझा धंदा. हाताखालच्या पोरांना जे तोंडी सांगतो, तेच इथं लिहितोय. चुका ज्या क्रमानं झाल्या, त्याच क्रमानं.

१. ‘पोचलं’ आणि ‘नाही पोचलं’ यांच्यामध्ये ‘कळलं नाही’ असतं.

पहिल्याच हंगामात एका जिनिंगमधून पेमेंटचा मेसेज गेला आणि उत्तर यायच्या आत लाइन गेली. माझ्या प्रोग्रामनं तीस सेकंद वाट पाहिली, उत्तर नाही म्हणजे मेसेज गेलाच नाही असं धरलं आणि पुन्हा पाठवला. पहिला पोचलेलाच होता. हरवलं होतं ते उत्तर. १८ क्विंटलचे पैसे एकाच खात्यात दोनदा पडले. मालकानं फोन केला तर शेतकरी म्हणतो, “मले वाटलं भाव वाढला भाऊ. कृषी केंद्राची उधारी देऊन टाकली नं.” वसुली व्हायला पुढचा दसरा उजाडला.

२. म्हणून मेसेजला नंबर, आणि तो पावती फाडतानाच.

पुन्हा पाठवणं टळत नाही. दोनदा पोचलं तरी काम एकदाच होईल, एवढीच सोय आपल्या हातात असते. घेणारा आधी बघतो, हा नंबर झालाय का? झाला असेल तर पैसे न सोडता जुनंच उत्तर परत देतो. पुस्तकात याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. मी शहाण्यानं सुरुवातीला दर प्रयत्नाला नवा नंबर दिला होता, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच! शिवाय नंबराची नोंद आणि पेमेंटची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी आणि तोच नंबर डेटाबेसानं दुसऱ्यांदा लिहू देता कामा नये, नाहीतर दोन मेसेज जोडीनं आले की दोन्ही आत शिरतात.

३. जावक बारनिशी ठेवा.

कचेरीतला कारकून पत्र टपालात टाकण्याआधी जावक रजिस्टरला चढवतो. आम्ही वजन डेटाबेसात लिहायचो आणि मग मेसेज पाठवायचो. नेमकी मधल्या क्षणी वीज गेली की वजन आहे, मेसेज नाही. आता वजन आणि पाठवायचा मेसेज एकाच दमात, एकाच डेटाबेसात लिहिले जातात. दुसरा छोटा प्रोग्राम तिथून मेसेज उचलतो, पाठवतो आणि पोच आली की खूण करतो. लाइन दोन दिवस नसली तरी काटा थांबत नाही.

४. मेसेज ओळीनं येतील असं समजू नका.

आधी भरली गाडी तोलतात, कापूस उतरवला की खाली गाडी. एकदा खाली गाडीचा मेसेज आधी पोचला आणि स्क्रीनवर वजा १८ क्विंटल कापूस आला. मुनीमजी म्हणाले, “म्हणजे शेतकऱ्याकडून आपलंच घेणं निघते का?” तेव्हापासून दोन्ही वजनं हाती आल्याशिवाय हिशेब होत नाही.

५. उत्तर नाही आलं तर दोन सेकंद थांबा, मग चार, मग आठ. लाइन आल्याबरोबर सगळ्या काट्यांनी एकदम धाव घेतली तर सर्व्हर पुन्हा झोपतो.

६. पोच कोणाची, ते नीट वाचा.

२८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्याच कार्यक्रमातून पीएम-किसानचा १६ वा हप्ता सुटला. देशभरातल्या ९ कोटींहून अधिक शेतकऱ्यांसाठी २१ हजार कोटींच्या वर रक्कम. अशा हप्त्यानंतर माझ्याकडं एक तरी माणूस पोर्टलची प्रिंट घेऊन येतोच: ‘एफटीओ (पैसे पाठवायचा आदेश) जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’. “जनरेटेड दाखोते, मंग पैसे गेले कुठी?” मी सांगतो, काका, मनीऑर्डर लिहून झाली, पोच यायची आहे. राज्याची यादी, सरकारी पेमेंटची पीएफएमएस यंत्रणा, आधारवरून बँक शोधणारी एनपीसीआय आणि मग बँक अशी साखळी असते आणि दर कडीची पोच निराळी. त्यातही आधारवर येणारा पैसा पासबुकावरचा खातेनंबर बघत नाही; आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं, तिकडं जातो. एका काकांचे पैसे खरंच त्यांनी विसरून टाकलेल्या खात्यात निघाले. आपल्या प्रोग्राममध्येही ‘मिळाला’, ‘तपासला’ आणि ‘पैसे जमा’ या तीन वेगळ्या पोचा ठेवा.

७. रस्ता सुरक्षित म्हणजे पाकीट सुरक्षित नव्हे.

टीएलएस, म्हणजे मेसेजची वाट कुलूपबंद करणारी सोय, वाटेतल्या चोरापासून वाचवते. पण मधल्या कॉम्प्युटरवर पाकीट उघडतं, तिथं १८.४० चं २८.४० करायला कितीसा वेळ? काट्यावरच गुप्त किल्लीनं मेसेजवर डिजिटल सही करायची आणि शेवटच्या टोकाला ती पडताळायची. एक आकडा हलला तरी सही जुळत नाही. खरा मेसेज कोणी चोरून पुन्हा पाठवला तर तो दुसऱ्या धड्यातल्या नंबरावर अडकतो. आणि आधार नंबर लॉगमध्ये पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरे. (ती गुप्त किल्ली एका ठिकाणी काट्याच्या केबिनमध्ये कॅलेंडरमागं लिहिलेली सापडली होती. अक्षर माझंच.)

८. न पचलेल्या मेसेजांना वेगळा ट्रे.

पाच प्रयत्नांतही जे जात नाहीत ते बाजूला काढायचे, म्हणजे मागची रांग तुंबत नाही. याला डेड लेटर क्यू म्हणतात. पण मेसेज बाजूला काढला म्हणजे काम मिटलं असं नाही. आमच्याकडं रोज संध्याकाळी सहाला एक मुलगी तो ट्रे उघडते. काल तीन होते. एकाचा आयएफएससी जुना, एकाच्या नावात ‘राव’ जास्त. तिसरा पांढरकवड्याकडच्या काकूंचा, खातं बंद पडलेलं. तिनं फोन लावला तेव्हा काकू अजून वावरातच होत्या.