वजन उतरवणारे औषध आणि सात दिवसांचे गणित

हॉस्टेलमध्ये वजन कमी करण्याचा विषय निघाला की पूर्वी गाडी लिंबू-मधावर येऊन थांबायची. आता ती थेट इंजेक्शनपर्यंत जाते. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आले. ऑर्लिस्टॅटच्या कॅप्सूल त्याच्या कितीतरी आधीपासून मिळतात. लठ्ठपणामुळे शुगर, बीपी, गुडघेदुखी यांनी बेजार झालेल्या माणसांना या औषधांचा खरोखर उपयोग होतो. आपल्या स्टाफपैकी किंवा घरातल्या कुणाला ती सुरूही असतील. त्यांचे दुष्परिणाम कसे सांभाळायचे हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. औषध शरीरात नेमके काय करते, एवढे समजले तरी पुरते.

आधी ऑर्लिस्टॅट घेऊ. अन्नातली चरबी पचवणाऱ्या लायपेज या एन्झाइमला ते अडवते. त्यामुळे खाल्लेल्या तेला-तुपापैकी सुमारे ३० टक्के भाग न पचताच बाहेर पडतो. आता विचार करा, कॅप्सूल घेतली आणि वर स्टेशनवरच्या दोन शेगाव कचोऱ्या हाणल्या, तर काय होईल? तेलकट शौच, अचानक घाई, कधी कपडे खराब. कॉमन बाथरूमच्या रांगेत ही गंमत नाही! उपाय सरळ आहे. तेल तिन्ही जेवणांत थोडे थोडे विभागायचे, तर्रीवाली भाजी टाळायची. जेवण चुकले किंवा त्यात चरबीच नसेल तर तो डोस घ्यायचा नाही. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वेही वाहून जातात, म्हणून डॉक्टर मल्टिव्हिटॅमिन देतात. ती गोळी झोपताना घ्यायची, कॅप्सूलसोबत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवायचे.

इंजेक्शनची तऱ्हा वेगळी. वेगोव्हीतले सेमाग्लुटाइड आतड्यातल्या जीएलपी-१ या हार्मोनसारखे वागते. भूक मंदावते आणि पोट हळू रिकामे होते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, जुलाब हे सारे बहुतेक यातूनच येते. म्हणून ताट निम्मे करायचे, सावकाश जेवायचे, पोट भरल्यासारखे वाटताच थांबायचे, जेवून लगेच आडवे व्हायचे नाही. तळलेले पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात, ते बंद.

इथे आपले इंजिनिअरिंग कामाला येते. सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. कपॅसिटरचा चार्जिंगचा आलेख आठवा. दर आठवड्याला डोस घेतला की रक्तातली पातळी चढत जाते आणि साधारण चार-पाच आठवड्यांत स्थिर होते. डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवतात, तो शरीराला या चढत्या पातळीची सवय व्हावी म्हणून. त्रास बहुधा डोस वाढला की होतो आणि हळूहळू ओसरतो. घाईने पुढचा डोस घेतला तर तो लगेच मागे घेता येत नाही. एका आठवड्यानंतरही निम्मे औषध अंगात असते, दोन आठवड्यांनी पाव. त्रास होत असेल तर वाढ थांबवायची की डोस उतरवायचा, हे डॉक्टर ठरवतात. त्यांना फोन मात्र आपण करायचा असतो.

माझ्या मामीला डॉक्टरांनी हेच इंजेक्शन दिले होते. डोस वाढला तेव्हा ऐन मे महिना. दोन दिवस उलट्या. मी फोनवर विचारले तर म्हणाली, "अगं, होतंच असं, सवय होईल." तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली. तेव्हा मामाने दवाखान्यात नेले, सलाइन लागले, डोस खाली आला. आता ती ठीक आहे.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत पसरलेला आहे आणि तिथल्या गावांत किडनीच्या आजारांचा प्रश्न जुना आहे. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झाले की किडनीवर ताण येतो. त्यामुळे घोट-घोट पाणी पीत राहायचे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यातच घालायचे, अर्ध्या ग्लासात नाही. पेनही उन्हापासून जपावे लागते. नवे पेन २ ते ८ अंशांत ठेवतात. आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मे महिन्यात काय तापमान असते ते सांगायला नकोच.

केस गळण्याबद्दलही बोलले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गेले आणि आपण सगळे धास्तावलो. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेव्हा गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. वजन झपाट्याने उतरल्यावर होणारी गळती वेगळी असते. ती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, डोकेभर विरळ होते आणि बहुधा भरून येते. डाळ, अंडी, दूध, पनीर यांतून प्रोटीन घेत राहावे.

पुढच्या गोष्टी मात्र "सवय होईल" या सदरात बसत नाहीत. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ. उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा डोळे पिवळे होणे. पाणीही न ठरणे. लघवी कमी होणे. अचानक अंधुक दिसणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. इन्सुलिन चालू असलेल्यांनी घाम आणि थरथर याकडेही लक्ष ठेवावे, शुगर उतरलेली असू शकते.

शेवटी एक विनंती. ताईच्या लग्नात बारीक दिसायचे म्हणून कुणाचे उरलेले पेन घेऊ नका. १.७० मीटर उंची आणि ७० किलो वजन म्हणजे बीएमआय सुमारे २४. ही इंजेक्शने साधारणतः ३० च्या पुढे, किंवा सोबत आजार असेल तर २७ च्या पुढे देतात. विनाचिठ्ठीच्या "हर्बल" पुड्याही नकोत. भारतात २०११ मध्ये बंद झालेले सिब्युट्रामाइन अशा मालात अनेकदा सापडले आहे. औषधाचा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर नोंदही करता येते.

आणि घरी कुणाला हे औषध सुरू असेल तर आज रात्री फोन करा. "जेवलीस का?" नंतर आणखी एक प्रश्न विचारा, "आज पाणी किती प्यायलीस?"