पिल्लं जूनमध्ये घेऊ नका

कोंबडा मारका निघाला, तलंगांनी एकमेकींच्या शेपट्या रक्ताळल्या, खुराड्यात हात घातला की सगळ्या कोपऱ्यात दाटून ओरडायला लागल्या, की पिल्लं देणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘जातच तशी आहे हो,’ नाहीतर ‘आमच्याकडे ठीक होती, तुमच्याकडे बिघडली.’ विकताना मात्र हाच माणूस ‘गावठी आहेत, एकदम गरीब, पोरांच्या मागे मागे फिरतील’ असं छातीवर हात ठेवून सांगत असतो. एकाच तोंडून या दोन्ही गोष्टी ऐकाव्या लागल्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो लपवण्याचं मला काही कारणही दिसत नाही. पण माझी कहाणी सांगत बसण्यापेक्षा त्यातून जे कळलं ते मांडते. मावळात कोंबड्यांचा स्वभाव बिघडतो तो बहुतेक वेळा जातीमुळे नाही, महिन्यामुळे. मेअखेरीस किंवा जूनमध्ये पिल्लं आणली की त्यांचं अख्खं बालपण पावसाच्या कोंडवाड्यात जातं, आणि त्या कोंडमाऱ्याची फळं आपण दसऱ्याच्या सुमाराला भोगतो. ही गोष्ट पिल्लं विकणाऱ्याला माहीत असायलाच हवी, कारण त्याचा धंदाच तो आहे.

हिशोब साधा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसाचं पिल्लू आणलं, तर ते तीन आठवड्यांचं होतं तेव्हा जून संपत आलेला असतो आणि आठ आठवड्यांचं होतं तेव्हा ऑगस्ट उजाडतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा वाटा नेमक्या याच दिवसांत. तळेगाव-वडगावकडे तो बराच कमी होतो. पण पवन मावळ, नाणे मावळाच्या डोंगराकडच्या गावांत आठवडाआठवडा पिल्लांना बाहेर काढता येत नाही. आता कोंबडीचं पिल्लू जागेपणी करतं काय, तर उकरतं आणि टोचतं. दिवसाचा बहुतेक वेळ त्याचं हेच चाललेलं असतं. ब्लोकहाउस या डच संशोधकाने १९८६ साली मांडलं की एकमेकांची पिसं टोचणं हे भांडण नसून वाट चुकलेलं चरणं असतं. जमिनीत टोचण्यासारखं काही उरलं नाही, की तीच चोच शेजारच्या अंगाकडे वळते. शेपटीच्या मुळाशी फुटणारं नवं पीस निरखून पाहा. त्याची नळी निळसर दिसते, कारण तिच्यात रक्त असतं. एका चोचीने ती फुटली की लाल ठिपका उमटतो, तो लाल रंग पाहून दुसरं पिल्लू धावतं, मग तिसरं. दुपारपर्यंत त्या पिल्लाचं बूड उघडं पडलेलं असतं. ते आपल्याला दिसतं तेव्हा ही खोड चार-पाच दिवस जुनी झालेली असते, आणि लागलेली खोड मोडणं फार कठीण. पावसात वीज गेली तर आणखी वेगळंच संकट. उबेचा दिवा विझला की गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो नाकारणं खोटेपणा ठरेल. झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेल्या असीलचा नर दुसऱ्या नराला सहन करणार नाही, मग तुम्ही त्याला कितीही मोकळं ठेवा. पण जात म्हणजे कपाळावरचं लिखित नव्हे. विल्यम म्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी निवडली नाही. पिंजऱ्यातल्या सगळ्या कोंबड्या मिळून चांगल्या निघालेले गट निवडले. त्या कोंबड्यांच्या चोची कापलेल्या नव्हत्या, म्हणजे एकमेकींना टोचायला त्या मोकळ्या होत्या. दुसऱ्या पिढीत वर्षाकाठी ६८ टक्के मरत होत्या, चौथ्या पिढीत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आत आलं. म्हणजे स्वभाव रक्तात उतरतो हे खरं, पण कोणाची अंडी उबवायची हे ठरवणाऱ्याच्या हातात तो असतो. आपल्या गावांनी हे प्रयोगाशिवाय केलं. माणसाच्या अंगावर येणारा कोंबडा गावात पुढच्या जत्रेपर्यंत टिकत नाही. आधी त्याचाच नंबर लागतो, आणि गरीब कोंबड्याची पिल्लं वाढत राहतात. तेव्हा ‘जातच तशी’ म्हणणाऱ्याला उलट विचारा, यांचा बाप दाखव. बाप पाहिलेला नसेल, पिल्लं कुठून आली तेही सांगता येत नसेल, तर जातीचं नाव काढायचा त्याला अधिकार नाही. वनराजा, गिरिराज, कडकनाथ ही नावं बाजारात सर्रास घेतली जातात. नाव सांगणं सोपं असतं.

दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा, आणि तो जास्त वजनदार आहे. आमच्या आज्यांनी खुडूक कोंबडी आषाढातही अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली, ती काही मारकी झाली नाहीत. अगदी बरोबर. पण ती पिल्लं बंद पेटीत वाढली नाहीत. आई त्यांना पडवीत, गोठ्यात, पेंढ्याच्या आडोशाला घेऊन हिंडली, दोन सरींच्या उघडिपीत अंगणात उतरली, शेण उकरून किडे दाखवले. टोचायचं काय, घाबरायचं कशाला, हे तिने शिकवलं. बंगल्याच्या मागे पत्र्याचं खुराडं बांधून त्यात आईविना पन्नास पिल्लं सोडणं ही वेगळीच गोष्ट आहे, तिला आजीचा दाखला लावता येत नाही. ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी आहे त्यांनी माझं ऐकू नये, तिचं ऐकावं.

बाकीच्यांनी पिल्लं दिवाळीनंतर आणावीत. तेव्हा भात कापून झालेलं असतं, खाचरं सुकलेली असतात, खळ्यावर दाणे सांडलेले असतात आणि पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू दिवसभर बाहेर राहू शकतं. थंडीचं काय, असं विचारलं जाईल. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, एवढं सांभाळलं की मावळातली थंडी निभते. पुढचा पाऊस येईतो याच तलंगा सात महिन्यांच्या झालेल्या असतात, अंड्यावर आलेल्या असतात आणि त्यांना तुमचा आवाज ओळखीचा असतो. जूनमध्ये आणून बसलाच असाल, तर निदान जागा दुप्पट करा, भाताचं तूस रोज खालवर हलवा, ओलं झालेलं काढून टाका, आणि कोबीची पानं, मेथीच्या जुड्या चोचीच्या उंचीवर टांगा, म्हणजे चोचीला काम मिळेल. रक्त दिसलेलं पिल्लू त्याच क्षणी वेगळं करा. संध्याकाळी बघू म्हणू नका. लसी वेळेवर द्या, पाणी स्वच्छ ठेवा, हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा. हे कुणीही सांगेल.

कुणी सांगत नाही ते हाताबद्दल. डालग्यात वरून हात घातला, की पिल्लाला तो शिक्रा वाटतो. मावळात शिक्रा आणि घार वरूनच येतात. म्हणून खाली बसा, तळहात जमिनीवर उताणा ठेवा, त्यावर चिमूटभर कणी, आणि हलू नका. चार दिवसांत पिल्लं हातावर चढतात. आठवडाअखेरीला आलेले पाहुणे ‘पोरांना जरा खेळू दे’ म्हणत पिल्लांमागे पोरं सोडतात आणि महिन्याची मेहनत एका दुपारी पाण्यात जाते. अशा पाहुण्यांना नाही म्हणायला मला जड जात नाही.

पण नरांना हाच लाड नको, आणि इथे माझं म्हणणं मावळातल्या बऱ्याच हौशी लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, जितकं मांडीवर घ्यावं तितका कोंबडा माणसाळतो. तलंगेच्या बाबतीत हे खरं आहे. नर मात्र चार-पाच महिन्यांचा झाला, की ज्याची भीती उरलेली नाही त्याला आपल्या बरोबरीचा कोंबडा समजतो. पिल्लं नर-मादी न निवडता मिळतात, म्हणजे निम्मे नर धरून चाला. आठ-दहा कोंबड्यांमागे एक ठेवा आणि बाकीचे आरवायला लागले की बाजूला काढा. ठेवाल त्याला दाणे द्या, पण उचलून कुरवाळू नका. एक पंख जमिनीला घासत, अंग तिरकं करून तो तुमच्याभोवती फिरू लागला, तर पळू नका आणि लाथही मारू नका. दोन्हींनी तो लढाई सुरू झाली असं समजतो. आहे तिथे उभे राहा, मग सावकाश त्याच्याच दिशेने चालत त्याला वाट सोडायला लावा. महिनाभर रोज हे करूनही तो अंगावर येत राहिला आणि घरात लहान मूल असेल, तर त्याला ठेवू नका. त्या मुलाचे डोळे त्याच्या उडीच्या उंचीवर असतात. आणि त्याच्या नंतरची अंडी उबवायलाही ठेवू नका, निदान तीन आठवडे, कारण कोंबडा गेला तरी त्याचं बीज कोंबडीच्या अंगात तेवढे दिवस राहू शकतं.