रात्री अकरानंतरचं विद्यापीठ

पुण्यातल्या एका विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवते. मधली काही वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते, आता आवाराच्या ऊर्जा समितीत आहे. यूजीसीने पर्यावरणपूरक आवारांसाठी ‘सतत’ नावाचा आराखडा दिला, नॅकच्या निकषांत हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षण आलं, त्यामुळे विषय सगळ्यांच्या कानावर आहे. सुरुवात कुठून करायची, हे मात्र मुलं आणि सहकारी अजून विचारतात. त्यांच्यासाठी हे आठ अनुभव.

१. आधी रात्रीचं मीटर वाचा

महिन्याच्या वीजबिलावरून फारसं काही कळत नाही. सगळ्या इमारतींचा मिळून तो एकच आकडा असतो. त्यापेक्षा वायरमनला सोबत घ्या आणि सबस्टेशनमधलं रीडिंग रात्री अकराला आणि सकाळी सहाला टिपा. एचटी (उच्चदाब) मीटरच्या रीडिंगला गुणक लावावा लागतो. तो वायरमनला पाठ असतो.

समजा, या सात तासांत ३०० युनिट पडले. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. म्हणजे वर्ग बंद, ग्रंथालय बंद, आणि एका रात्रीत दोन क्विंटलच्या वर कार्बन. त्यातून हॉस्टेल आणि रस्त्यावरचे दिवे वजा करा. उरलेलं कुठे जातंय ते शोधायला एक फेरी मारा. आम्हाला सापडले ते थंड पाण्याचे कूलर, संगणक प्रयोगशाळेतले यूपीएस, स्टँडबायवर राहिलेले प्रोजेक्टर, स्वच्छतागृहांतले एक्झॉस्ट फॅन आणि फ्रीझर.

२. फ्रीझरचं दार उघडून बघा

जीवशास्त्राच्या विभागांत उणे ८० अंशांचे फ्रीझर असतात. जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला सहाशे. दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाचं महिन्याचं काम शंभर-सव्वाशे युनिटमध्ये भागतं. एकेक फ्रीझर असा पाच-सहा घरांची वीज ओढत असतो, तोही चोवीस तास, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा.

आत काय असतं? कडेने साचलेला बर्फ, त्यात रुतलेले खोके, खोक्यांवर अर्धवट पुसलेली नावं. पीएचडी करून केव्हाच निघून गेलेल्या मुलांचे नमुने तसेच पडलेले असतात. ते टाकायला कुणी धजावत नाही, कारण ते कशाचे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. उपाय साधा आहे, पण वेळ मागतो. एक शनिवार ठरवायचा, गाइडने स्वतः समोर बसायचं, ठेवायचं त्याची यादी करून दारावर चिकटवायची आणि बाकीचं नियमाप्रमाणे नष्ट करायचं. बर्फ खरवडायचा, मागची जाळी पुसायची. दोन अर्धे भरलेले फ्रीझर एकात मावले की दुसरा बंद.

दुसरी गोष्ट तापमानाची. उणे ८० ऐवजी उणे ७० ठेवलं तर वीज सुमारे ३० टक्क्यांनी वाचते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळांत हे बरीच वर्षं चालू आहे आणि बहुतेक नमुन्यांना त्याने काही होत नाही. तरीही कुणावर सक्ती करू नका. चार वर्षांची मेहनत वाया जाण्याची भीती खरी असते. ज्या विभागाची तयारी आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. बाकीचे बघून येतात.

३. किल्ल्या ज्यांच्याकडे, त्यांना विचारा

संध्याकाळी विभाग बंद करतात ते शिपाई मामा आणि सफाईच्या मावशी. आम्ही परिपत्रकं काढत होतो, ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. शेवटी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, बटण बंद करायला मला काय जड आहे? पण कुणाचा प्रयोग चालू असला आणि तो गेला, तर नाव माझं येईल.”

ही भीती दूर करणं आमचं काम होतं. एका मावशींनी टिकल्यांची पाकिटं आणली. जे कधीच बंद करायचं नाही त्या बटणाला लाल टिकली, शेवटी जाणाऱ्याने बंद करायचं त्याला हिरवी. कुठल्या बटणाला कुठली टिकली, हे विभागप्रमुखांनी सहीनिशी लिहून दिलं, म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची. त्यानंतर मामांना आठवण करून द्यावी लागली नाही. आवारातली वीज वाचवण्याचा इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही, आणि ऊर्जा समितीत मामा-मावशींना जागा हवी, हे माझं ठाम मत त्यातूनच झालं.

४. मेसमध्ये आकडा आधी द्या

मेसचा निळा सिलिंडर १९ किलोचा असतो. तो जळून संपला की साधारण ५७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यावर रांधलेलं अन्न बादलीत गेलं तर नुकसान तिथेच थांबत नाही. ओला कचरा डेपोत दडपला गेला की कुजून मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात. शिवाय तो कचरा कुणाच्या तरी दारात पडतो. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला हे आपण विसरू नये.

आमच्या मेसच्या काकूंना पोरींच्या भुकेचा अंदाज कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगला होता. शनिवारी रात्री निम्म्या मुली गावी जातात, परीक्षेच्या आदल्या रात्री भात उरतो, वडापावची गाडी लागली की पोळ्या उरतात, हे त्या तोंडपाठ सांगायच्या. “सकाळी दहापर्यंत आकडा द्या,” एवढंच त्यांचं मागणं होतं. मग प्रत्येक मजल्यावरची एक मुलगी रात्री जेवायला नसणाऱ्यांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू लागली. उष्ट्याची बादली जेवणघरातच वजनकाट्यावर ठेवली. कुणाला बोललो नाही, फळ्यावर रोजचं वजन तेवढं लिहिलं. अर्धी पोळी मागायला कुणाला संकोच वाटेनासा झाला. कडधान्यं आदल्या रात्री भिजवणं, पातेल्यावर झाकण ठेवणं हे काकू करतच होत्या. त्यांचा गॅस वाचत होता तो आमच्या कुठल्याच हिशेबात आला नव्हता.

जे उरेलच, त्यासाठी बायोगॅस. पुण्यातल्याच ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळ्या अन्नावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ अन्नातून गॅस लवकर सुटतो. मात्र रोज खाऊ घालणारा एक माणूस नेमा, नाहीतर संयंत्र बंद पडतं.

५. एसी २४ वर, पंखा चालू

१ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर येतात. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. सोबत पंखा लावला की २६ सुद्धा सुखाचं होतं. नवे पंखे घेताना बीएलडीसी मागा. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, हा तीसच्या आसपास.

६. कागदाचं मोल जाणा, पण त्यावर थांबू नका

जर्नल, सबमिशन, ब्लॅक बुक. पाठपोट छापा, कच्चा मसुदा पडद्यावरच तपासा. पण आवाराच्या एकूण कार्बनमध्ये कागदाचा वाटा लहान आहे. कागद वाचवून समाधान मानणाऱ्या विभागाचा फ्रीझर आधी बघावा.

७. प्रवासाचा हिशेब मांडा

एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. मुलं दुचाकी आणतात ती हौसेने कमी आणि बस वेळेवर मिळत नाही म्हणून जास्त. त्यामुळे ‘बसने या’ असं सांगण्याआधी पहिल्या तासाची वेळ बसच्या वेळेशी जुळवून बघा. सायकलला सावली आणि साखळी अडकवायला लोखंडी दांडी द्या, तीही विभागाच्या दाराशी. मोटारी लांब राहू द्या.

प्राध्यापकांचा भार वेगळा. दिल्लीहून परीक्षक विमानाने आले तर एका बाजूला माणशी शंभर किलोच्या आसपास कार्बन होतो, म्हणजे तासाभराच्या तोंडी परीक्षेसाठी दोनशे. कोविडमध्ये याच परीक्षा ऑनलाइन झाल्या, प्रश्नही तितकेच खोल विचारले गेले. जिथे नियम परवानगी देतात तिथे ती सोय चालू ठेवावी. शक्य तिथे आगगाडी.

८. सुट्टीची यादी वेगळी करा

मे महिन्यात आणि दिवाळीत आवार रिकामं होतं, पण कूलर थंड पाणी करत राहतात. शेवटच्या पेपरच्या दिवशी एक कागद दाराशी लावा: कूलर रिकामे करून बंद, यूपीएस बंद, गीझरचे एमसीबी खाली, रिकामा झालेला फ्रीझर बंद, पाण्याच्या टाकीचा पंप दिवसाआड. खाली तीन सह्या हव्यात: लॅब असिस्टंटची, मामांची आणि विभागप्रमुखांची. सुट्टी संपल्यावर त्याच कागदावर सबस्टेशनचं रीडिंग टिपून तो सूचना फलकावर लावा.