केशरोपण : तपासणीची फी देताना

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पंचविशीतला एक तरुण वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आला. ताप नाही, खोकला नाही. नंबर आल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक्टर, केस फार गळतात. हेअर ट्रान्सप्लांट करायचं म्हणतोय. पण इथले त्वचेचे डॉक्टर नुसतं डोकं बघायचे सातशे रुपये घेतात. शहरातल्या सेंटरवर तपासणी फुकट आहे. मग सातशे कशाला घालवायचे?"

वडील म्हणाले, "लग्नाचं बघतोय डॉक्टरसाहेब. दोन ठिकाणी नकार आला. उसाचं बिल जमा झालंय, त्यातून करून टाकू म्हणतो."

प्रश्न रास्त आहे आणि तो अनेक वाचकांच्या मनात असणार. उत्तर देण्यापूर्वी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बावीस वर्षांचा एक मुलगा हाच प्रश्न घेऊन आला होता. दवाखान्यात गर्दी होती. मी घाईत म्हणालो, "फुकट बघतात ना, मग दाखवून ये की!" तो गेला. तिथे त्याला डॉक्टर भेटलेच नाहीत. टाय लावलेल्या एका सल्लागाराने दहा मिनिटांत किती ग्राफ्ट लागतील ते सांगितले आणि 'आजच बुकिंग केल्यास सवलत' म्हणून पंधरा हजार रुपये भरून घेतले. पुढे शस्त्रक्रिया झाली. कपाळावर शाळकरी मुलासारखी खाली आलेली केसांची रेषा बसवली. वर्षभर छान दिसले. नंतर त्या रेषेमागचे त्याचे मूळचे केस गळत गेले. आज पुढे केसांची पट्टी आणि मागे टक्कल अशी अवस्था आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही, परंतु तो दवाखान्यात आला की मला माझे ते वाक्य आठवते.

हे असे का होते, ते समजून घेऊ.

तरवा आणि लावणी

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात आनुवंशिकता आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक यांचा वाटा असतो. या संप्रेरकामुळे कपाळावरची व टाळूवरची केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातील मुळांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. ही मुळे पुढे आणून लावली तरी ती आपला मूळचा गुण टिकवतात, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले. आजचे केशरोपण याच तत्त्वावर चालते. मागच्या बाजूची त्वचेची पट्टी काढून किंवा एकेक मूळ सुटे काढून ती पुढे रोवतात. अशा एका ग्राफ्टमध्ये साधारण एक ते चार केस असतात.

भातलावणीत तरव्यात जेवढी रोपे असतील तेवढ्याच क्षेत्रात लावणी होते. इथेही तसेच आहे. मागचा साठा मर्यादित असतो आणि एकदा काढलेले मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. शिवाय रोपण केल्याने मूळच्या केसांची गळती थांबत नाही. म्हणून विशीतल्या मुलाचा सगळा साठा एकदाच पुढे वापरला, तर चाळिशीत वापरायला काही उरत नाही. माझ्या त्या रुग्णाचे नेमके हेच झाले.

फी कशाची असते?

तपासणीची फी डोके बघण्याची नसते, निर्णयाची असते. त्यात चार गोष्टी मिळायला हव्यात.

पहिली, निदान. गळणारा प्रत्येक केस टकलाचा नसतो. डेंग्यू, विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांतही केस गळतात. चाई हा तर वेगळाच आजार आहे. या रुग्णांना रोपण नव्हे, मूळ कारणाचे उपचार लागतात.

दुसरी, मागच्या साठ्याची पाहणी आणि पुढील वीस वर्षांचा अंदाज. त्यासाठी वडील, काका, मामा यांच्या डोक्याचीही चौकशी व्हायला हवी.

तिसरी, औषधांचा विचार. मिनॉक्सिडिल व फिनास्टराइड ही औषधे योग्य रुग्णात गळती रोखू शकतात. फिनास्टराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे "तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही" असे सांगण्याची मोकळीक. ज्याचे उत्पन्न केवळ शस्त्रक्रियेवर आहे, त्याच्या तोंडून हे वाक्य निघणे अवघड असते. फुकट तपासणीचा खर्च कुठून तरी वसूल करावाच लागतो.

याचा अर्थ प्रत्येक मोफत तपासणी फसवी आणि फी घेणारा प्रत्येक जण प्रामाणिक, असा मात्र नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारा.

काय विचारावे?

१) मला कोण तपासणार? त्यांची पदवी कोणती, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? सल्लागाराशी बोलणे म्हणजे तपासणी नव्हे.

२) फी किती, आणि त्यात पुन्हा दाखवणे धरले आहे का? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आपली फी फलकावर लावावी व ती सेवेआधी सांगावी.

३) पुढे शस्त्रक्रिया केल्यास ही फी बिलातून वजा होणार का? होत असेल तर वाईट नाही, पण तेवढ्यासाठी शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.

४) निदान व सल्ला लेखी मिळेल का? तो कागद आणि फीची पावती जपून ठेवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे.

५) एकूण खर्च किती? केशरोपणाला इतर उपचारांप्रमाणे जीएसटीची सरसकट माफी नाही, तेव्हा कर धरून आकडा लिहून घ्या.

६) ज्या डॉक्टरांनी पाठवले त्यांना कमिशन मिळते का? त्याच आचारसंहितेत असे कमिशन निषिद्ध आहे. हा प्रश्न मलाही विचारायला संकोचू नका.

बुकिंगची रक्कम ही तपासणीची फी नव्हे. तपासणीच्या दिवशी बुकिंग करूच नका. घरी या, विचार करा, शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. 'गुण आला नाही तर पैसे परत' अशी हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहा. असा करार करणे आचारसंहितेला धरून नाही.

क्षुल्लक समजू नका

ही शस्त्रक्रिया बहुधा सुरक्षित पार पडते, तरीही तिच्यात भुलीचे औषध लागते आणि ती कित्येक तास चालते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले की ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी, केवळ कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून मिळालेले ज्ञान पुरेसे नाही. तेव्हा शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार आणि रुग्ण अत्यवस्थ झाल्यास तिथे काय सोय आहे, हेही तपासणीच्या वेळीच विचारावे.

आता त्या तरुणाचे. विचारपूस करता कळले की त्याला तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. केस पुढूनच नव्हे, सगळ्या डोक्यावरून गळत होते. मी हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घेतली आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी सातशे रुपये घेतले, डोके नीट तपासले, छायाचित्रे काढून ठेवली आणि लिहून दिले, 'आजारानंतरची गळती. शस्त्रक्रियेची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवावे.'

परवा वडील रक्तदाब तपासायला आले होते. म्हणाले, "सातशे रुपयात नाही म्हणाले हो डॉक्टर." मी म्हटले, "त्या नाहीचेच सातशे होते." उसाचे पैसे अजून बँकेत आहेत.