इंग्रजीतील गतिदर्शक शब्दयोगी अव्यये : प्राथमिक वर्गातील अध्यापन

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत इंग्रजीचा शब्दसंग्रह मुलांच्या तोंडी तसा लवकर बसतो. मांजर, झाड, खिडकी, विहीर यांची इंग्रजी नावे पहिल्या दोन वर्षांतच पाठ होतात. धावणे, चालणे, उडी मारणे ही क्रियापदेही येतात. परंतु 'मुलगा शाळेत गेला' एवढे साधे वाक्य इंग्रजीत सांगावयाचे झाले की चौथीतील चुणचुणीत मुलगाही अडतो. आणि अडला नाहीच, तर 'द बॉय वेंट इन स्कूल' असे म्हणून मोकळा होतो. 'टू', 'इन्टू', 'अक्रॉस', 'थ्रू', 'पास्ट' हे शब्द आकाराने लहान, पण वाक्यातील सारी हालचाल त्यांच्यावर तोललेली असते. ते चुकले की कर्ता भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. हा विषय शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांनी स्वतः मात्र इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीत गिरविली. खेड्यातील मुलाच्या कानी आता दूरदर्शनवरून आणि मोबाइलवरून इंग्रजी शब्द पडतात हे खरे; तथापि त्याने स्वतः उच्चारलेल्या वाक्यास उत्तर देणारे, ते चुकल्यास सुधारणारे माणूस गावात बहुधा एकच असते, ते म्हणजे त्याचे गुरुजी किंवा बाई. येथे जे वाकडे रुजले ते माध्यमिक शाळेपर्यंत तसेच वाढत जाते, आणि तेथील शिक्षक 'पाया कच्चा' एवढा शेरा मारून पुढे सरकतात. यास्तव या लहान शब्दांसाठी दोन-चार आठवडे अधिक गेले तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये.

चुका का होतात हे प्रथम पाहिले पाहिजे. त्या निष्काळजीपणाच्या नव्हेत. मूल मराठीत विचार करते आणि मराठीच्या प्रत्ययाला इंग्रजीतला एक शब्द कायमचा जोडून टाकते. पुष्कळदा तशी जोडी शिक्षकानेच फळ्यावर लिहून दिलेली असते : 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'फ्रॉम' म्हणजे पासून. 'विहिरीत पाणी आहे' आणि 'विहिरीत दगड पडला' या दोन्ही वाक्यांत मराठीला 'त' हा एकच प्रत्यय पुरतो. स्थिती आहे की गती आहे हे क्रियापदावरून कळते. इंग्रजी मात्र पाण्यासाठी 'इन' आणि पडणाऱ्या दगडासाठी 'इन्टू' असा भेद शक्य तेथे दाखविते. शिवाय 'शाळेत जातो', 'बाजारात जातो', 'मुंबईला जातो', 'डॉक्टरांकडे जातो' या चारही ठिकाणी इंग्रजीस एक 'टू' चालतो. मराठीत तीन दरवाजे, इंग्रजीत एक. आणि पुढच्याच वाक्यात नेमके याच्या उलट.

या उलट प्रकारात सर्वांत घोटाळ्याचा शब्द म्हणजे 'वरून'. 'मुलगा भिंतीवरून पडला' येथे इंग्रजीत 'ऑफ' पाहिजे. 'मांजराने भिंतीवरून पलीकडे उडी मारली' येथे 'ओव्हर'. 'बैलगाडी पुलावरून गेली' येथे 'ओव्हर' किंवा 'अक्रॉस'. आणि 'देवळावरून पुढे जा, मग शाळा लागेल' येथे 'पास्ट'. वाट सांगताना 'देवळावरून जा' हे कोणाही मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. त्यात देवळाच्या शिखरावर चढण्याचा प्रश्नच नसतो. पण 'वरून म्हणजे ओव्हर' एवढेच शिकलेले मूल 'गो ओव्हर द टेंपल' असे सांगते आणि ऐकणाऱ्यास कावळ्यासारखे देवळावरून उडत जावे लागते! वर्गात हे वाक्य आल्यास मुलांना मनसोक्त हसू द्यावे. मात्र हसणे वाक्याला असावे, ते बोलणाऱ्या मुलाला नसावे.

'तून' या प्रत्ययाची गोष्ट अशीच. पिशवीतून पेरू काढला तर 'आउट ऑफ', जंगलातून वाट गेली तर 'थ्रू', आणि मोकळ्या शेतातून माणूस गेला तर 'अक्रॉस'. शेवटच्या दोहोंतील भेद पुस्तकातील व्याख्येने मुलांस कळत नाही. शेताने मात्र लगेच कळतो. मृगाच्या आधी नांगरून पडलेले शेत डोळ्यांपुढे आणावे : माणूस या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो आणि सारा वेळ तो सर्वांना दिसतो. हे 'अक्रॉस द फील्ड'. तेच शेत ज्वारी डोक्याच्या वर गेल्यानंतरचे घ्यावे : माणूस आत शिरतो, चोहोबाजूंनी ताटांनी वेढला जातो आणि पलीकडे बाहेर पडतो. हे 'थ्रू द फील्ड'. पृष्ठभागाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला, तर 'अक्रॉस'. भोवती काहीतरी असताना त्याच्या आतून, तर 'थ्रू'. शेतकऱ्याच्या मुलास हा भेद एकदा दाखविला की पुन्हा सांगावा लागत नाही.

'ने' या प्रत्ययाकडेही लक्ष असावे. 'बसने आलो' याचे 'बाय बस' होते, म्हणून मुले 'नदीच्या काठाने चाललो' याचेही 'बाय' लावून भाषांतर करतात. येथे 'अलाँग' पाहिजे. लांबट वस्तूच्या लांबीच्या दिशेने, तिला धरून जाणे असा त्याचा भाव आहे.

याचा अर्थ मराठी येथे तोकडी पडते असा कोणी करू नये. 'मांजर टेबलाखाली पळाले' आणि 'मांजर टेबलाखालून पळाले' या दोन वाक्यांत मराठी स्पष्ट भेद करते : पहिल्यात मांजर टेबलाखाली जाऊन थांबले, दुसऱ्यात ते पलीकडे निघून गेले. इंग्रजीतील 'द कॅट रॅन अंडर द टेबल' या वाक्याचे हे दोन्ही अर्थ होऊ शकतात आणि संदर्भ पाहूनच निर्णय करावा लागतो. दोन भाषांनी एकच जग निरनिराळ्या रेषांनी वाटून घेतले आहे, एवढेच हे. शिक्षकाने हे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे. आपली भाषा काही बाबतींत अधिक काटेकोर आहे हे कळले म्हणजे मुलाची भीड चेपते.

आणखी एक भेद वाक्यरचनेचा आहे. मराठीत दिशा बहुधा क्रियापदच सांगते : शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे. कसे गेला हे सांगावयाचे तर 'धावत', 'पोहत', 'रांगत' असे धातुसाधित जोडतात. इंग्रजीत कसे गेला हे क्रियापदात येते आणि दिशा त्या लहान शब्दाकडे जाते. 'त्याने पोहत नदी ओलांडली' याचे सरळ इंग्रजी 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' असे होते. 'ओलांडली' हे सारे क्रियापद एकट्या 'अक्रॉस'मध्ये सामावले. भाषाभाषांतील या भेदाची पद्धतशीर मांडणी लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मधील एका प्रदीर्घ निबंधात केली. प्राथमिक शिक्षकास ती सारी चर्चा नको; परंतु मुलांची 'ही केम रनिंग इन हाउस' यासारखी वाक्ये कोठून येतात हे त्यावरून ध्यानात येते. उलट, इंग्रजीत दिशा पोटात घेतलेली काही क्रियापदे आहेत, त्यांना पुन्हा अव्यय लागत नाही : 'एंटर द रूम', 'रीच द स्कूल', 'क्रॉस द रोड'. 'एंटर इन्टू द रूम' आणि 'रीच टू द स्कूल' या चुका शिक्षकांच्याही बोलण्यात सर्रास आढळतात. तसेच 'घरी' या अर्थाचा 'होम', आणि 'हिअर', 'देअर' यांच्यामागे 'टू' नसतो. 'गो होम' हे मराठीतील 'घरी जा' याच्याशी जुळते. 'घरी' या रूपातच 'कडे' आलेले आहे असे सांगितले की पुरे.

आता प्रत्यक्ष पाठाविषयी. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी आत्मसात केली, आणि मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यास तो मार्ग आजही निरुपयोगी नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलास मात्र भाषांतराआधी कृती पाहिजे. हॅरल्ड पामर याने १९२५ मध्ये तोकियोत प्रसिद्ध केलेले पुस्तक कृतीद्वारे इंग्रजी याच विषयावरचे होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात जेम्स ॲशर याने आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याची पद्धती मांडली. तीत मुलास आरंभी बोलण्याची सक्ती नसते, त्याने ऐकावे आणि करावे. गतिदर्शक अव्ययांसाठी याहून सोयीची रीत सापडणे कठीण. अर्थ येथे पायांनीच कळतो.

साहित्य शाळेतच असते : खुर्ची, सतरंजी, जुना टायर, दोरी, घमेले, पाण्याचे पिंप, आणि पटांगणावर रेघा आखण्याची फक्की. फक्कीने दोन समांतर रेघा मारल्या की नदी झाली. मध्ये फळी टाकली की पूल झाला. शिक्षकाने प्रथम स्वतः आज्ञा उच्चारून स्वतःच ती करून दाखवावी, नंतर दोन मुलांकडून करवून घ्यावी, मग सर्वांकडून. 'वॉक टू द ट्री.' 'रन राउंड द ट्री.' 'जंप इन्टू द टायर.' 'जंप आउट ऑफ द टायर.' तीन दिवस मुले नुसती ऐकोत आणि करोत. चौथ्या दिवशी धीट मुले आपण होऊन आज्ञा देऊ लागतात. तेव्हा शिक्षकाने स्वतः आज्ञाधारक व्हावे आणि चुकीची आज्ञा जशीच्या तशी पाळावी. 'इन द टायर' अशी आज्ञा आली तर टायरच्या आतच उभे राहून उड्या माराव्यात. मुलगा स्वतःच 'इन्टू, इन्टू' असे ओरडतो.

सर्व शब्द एकदम काढू नयेत. 'टू' आणि 'फ्रॉम', 'इन्टू' आणि 'आउट ऑफ', 'अप' आणि 'डाउन' या विरुद्धार्थी जोड्या बरोबर घेण्यास हरकत नाही, कारण दिशा उलटी हे डोळ्यांना दिसते. परंतु 'अक्रॉस', 'ओव्हर' आणि 'थ्रू' हे एकमेकांचे शेजारी आहेत, विरोधक नव्हेत. ते एकाच दिवशी घेतल्यास तिन्ही गढूळ होतात. त्यांत आठवड्याचे अंतर ठेवावे. 'टोवर्ड्स' शेवटी घ्यावा. त्यासाठी आंधळी कोशिंबीर हा खेळ उत्तम : डोळे बांधलेला गडी झाडाच्या रोखाने चालला, पण पोहोचला नाही, तर 'टोवर्ड्स द ट्री', पोहोचला की 'टू द ट्री'.

परंतु या सर्वांहून समृद्ध साधन महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या पटांगणावर आधीच आहे, ते म्हणजे खो-खो. नऊ गड्यांपैकी आठ मधल्या पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणारा पाटीच्या कडेने धावतो : 'अलाँग'. तो पाटी ओलांडू शकत नाही : 'नॉट अक्रॉस'. दुसऱ्या बाजूस जावयाचे तर खांबाला वळसा घालतो : 'राउंड द पोल'. पळणारा मात्र बसलेल्या दोन गड्यांच्या मधून निसटतो : 'बिट्वीन'. तो बसलेल्यांना मागे टाकीत जातो : 'पास्ट'. खेळाचा नियमच या शब्दांच्या भेदावर उभा आहे. खरा खेळ फार वेगाचा असल्याने प्रथम 'चालता खो-खो' खेळवावा. सर्वांनी चालतच खेळावे आणि बाद झालेल्या गड्यांनी खांबाशी उभे राहून प्रत्येक हालचालीचे इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणावे. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीची मुले हा खेळ खेळतात तेव्हा पहिली-दुसरीची मुले भोवती बसून ऐकतात, आणि पुढील वर्षीचा निम्मा पाठ न शिकविताच होतो.

उच्चाराविषयी थोडेसे. सहज बोलण्यात 'टू' वर जोर नसतो. तो जवळजवळ गिळला जातो. वर्गात तो नेहमी ठासून उच्चारल्यास पुढे ध्वनिफितीवरील किंवा परक्या माणसाचे इंग्रजी मुलांस ओळखू येत नाही. प्रथम स्पष्ट, मग हलका, असे दोन्ही ऐकवावेत.

परीक्षेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण येथे मुलावर अन्याय होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. 'द बॉय रॅन ... द फील्ड' अशी गाळलेली जागा देऊन उत्तरपत्रिकेत 'अक्रॉस' एवढेच उत्तर बरोबर धरण्याची वहिवाट आहे. वास्तविक 'इन्टू', 'थ्रू', 'राउंड', 'टू', 'पास्ट' ही सारी उत्तरे येथे निर्दोष आहेत. ज्या मुलाने डोळ्यांपुढे ज्वारीचे उभे शेत आणून 'थ्रू' लिहिले त्यालाच फुली मिळते, आणि ज्याने पाठ केलेला शब्द उतरविला त्याला गुण. असे दोनदा झाले की पहिला मुलगाही विचार करणे सोडून देतो. म्हणून गाळलेल्या जागेशेजारी चित्र असलेच पाहिजे. चित्र काढणे जमत नसेल तर एक चौकोन आणि एक बाण पुरतो : चौकोनात शिरणारा बाण, त्यातून आरपार जाणारा, त्याला वळसा घालणारा, त्याच्या बाजूने पुढे निघून जाणारा. याहून चांगली परीक्षा म्हणजे तोंडी आज्ञा. शिक्षकाने सांगावे, मुलाने करावे. बुजऱ्या मुलासही तीत पूर्ण गुण मिळू शकतात.

लेखनाकडे महिन्याभराने वळावे. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट प्रथम वहीत रेखाटावी : बोळ, पार, ओढा, देऊळ, चावडी. मग त्या नकाशाखाली पाच वाक्ये लिहावीत. दोन घरांच्या वाटा सारख्या नसल्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून काही साधत नाही. तपासताना शिक्षकाने वाक्याआधी नकाशा पाहावा. नकाशात वाट ओढ्याच्या काठाने गेली असेल आणि वाक्यात 'अक्रॉस' असेल तर लाल रेघ मारण्यापूर्वी त्या मुलास विचारावे की, ओढा ओलांडतोस की कडेने येतोस? काही वेळा उत्तर येते की उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला की सरळ ओलांडून येतो, पावसाळ्यात मात्र काठाकाठाने. अशा मुलाने दोन्ही ऋतूंसाठी दोन वाक्ये लिहावीत.