माशाचा ताजेपणा सांगणारी रंगपट्टी

कोकण किनारा व कोल्हापूरची बाजारपेठ यांना जोडणारा मार्ग आंबा घाट चढून शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरकडे येतो. रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे. समुद्राची मासळी या वाटेने घाटमाथ्यावर येते, तेव्हा वाटेत बर्फ पुरला की नाही, यावर तिचा ताजेपणा अवलंबून असतो. केवळ नाकावर विसंबून न राहता हा ताजेपणा तपासण्याचे साधन आता शास्त्राने उपलब्ध करून दिले आहे.

अमोनिया कोठून येतो?

मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या मांसातील नत्रयुक्त द्रव्यांचे विघटन करतात व त्यातून अमोनिया निर्माण होतो. मोरी व पाकट यांच्या मांसात मुळातच युरिया भरपूर असतो. म्हणून ते शिळे होताच झोंबणारा वास येतो. प्रयोगशाळेत अमोनिया व तत्सम उडून जाणाऱ्या द्रव्यांतील नत्र एकत्र मोजतात. युरोपीय नियमांनुसार काही माशांसाठी ही मर्यादा दर 100 ग्रॅम मांसास 25 ते 35 मिलिग्रॅम आहे.

रंग कसा बदलतो?

अमोनिया आम्लाच्या उलट गुणधर्माचा असल्याने काही रंजकद्रव्यांचा रंग तो पालटवितो. हळदीच्या पाण्यात बुडविलेला ओलसर कागद अमोनियाच्या वाफेत तांबूस होतो. हळद व चुना यांपासून कुंकू होते, त्यामागील तत्त्व हेच. बर्थेलो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये अमोनियापासून निळा रंग देणारी रासायनिक क्रिया वर्णिली. ती आजही वापरात आहे. प्रकाशीय संवेदकात रंजकद्रव्य पातळ पापुद्र्यावर बसवितात आणि त्यातून पार होणारा प्रकाश उपकरणाने मोजतात. डोळ्यांना न जाणवणारा फरक त्यामुळे आकड्यात मिळतो.

केरळचा अनुभव

कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने माशांतील अमोनिया व फॉर्मेलिन ओळखण्यासाठी कागदी पट्ट्यांचे संच तयार केले. पट्टी माशावर घासावयाची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकावयाचा आणि रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा, इतकी ही रीत सोपी आहे. 2018 साली केरळ शासनाच्या ‘ऑपरेशन सागर राणी’ मोहिमेत सीमेवरील नाक्यांवर अशा तपासणीने फॉर्मेलिनयुक्त मासळी पकडली गेली. मासळी ताटात जाण्यापूर्वी, वाटेतच तपासणे शक्य आहे, हा त्यातील धडा होय.

मर्यादाही जाणाव्यात

बर्फात ठेवलेल्या माशात पहिले काही दिवस अमोनिया फारसा वाढत नाही. तेव्हा पट्टीचा रंग न पालटणे हा ताजेपणाचा पूर्ण दाखला नव्हे. फॉर्मेलिन जिवाणूंना रोखते. त्यामुळे जुन्या माशातही अमोनिया कमी दिसू शकतो. बांगड्यासारख्या माशात साठणारे हिस्टामिन हे विषारी द्रव्य या पट्टीला कळत नाही. म्हणून फॉर्मेलिनची तपासणी वेगळी करावी, डोळे व कल्ले पाहावेत आणि संशयास्पद नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावा. केवळ पट्टीच्या रंगावरून विक्रेत्यास दोषी ठरविणे अन्यायाचे होईल.

शिक्षकांनी हळदीच्या कागदाचा प्रयोग हवेशीर जागी, विद्यार्थ्यांना वाफ हुंगू न देता करून दाखवावा. मात्र त्यावरून माशाचा निकाल लावू नये. नगरपरिषदा व ग्रामपंचायतींनी आठवडे बाजारात स्वच्छ ओटे, पाणी व पुरेसा बर्फ यांची सोय प्रथम करावी. पट्टी बिघाड दाखविते. तो टाळण्याचे काम बर्फ व स्वच्छताच करतात.